जळालेलं बायबल पुन्हा पहिल्या ओळीपासून: पांतेलेइमोन कुलिश

शब्दखूण

1885 साली युक्रेनच्या चेर्निहिव प्रांतात, बोर्झ्ना गावाजवळच्या एका शेतवस्तीला आग लागली. तिकडे अशा वस्तीला 'खुतिर' म्हणतात. गावापासून सुटी, चहूबाजूंनी शेत, मधे एक-दोन घरं. या खुतिराचं नाव मोत्रोनिव्का. घराबरोबर कागद जळले आणि त्या कागदांत बायबलच्या जुन्या कराराच्या युक्रेनियन भाषांतराचं हस्तलिखित होतं. कित्येक वर्षांचं काम. भाषांतर करणारा तेव्हा 66 वर्षांचा होता. त्याने पुन्हा कागद घेतले आणि पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली.

तो माणूस म्हणजे पांतेलेइमोन कुलिश. मी गेली अठरा वर्षं पोटासाठी अनुवाद करते, बहुतेक सरकारी पत्रकं आणि पाठ्यपुस्तकं, अधूनमधून एखादी कादंबरी. युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा शेव्चेन्कोच्या कविता शोधून वाचल्या, आणि प्रत्येक टीप, प्रत्येक प्रस्तावना या दुसऱ्याच माणसाकडे घेऊन जायला लागली. शेव्चेन्को तिकडे राष्ट्रकवी. कुलिशवर मात्र त्याच्या हयातीत जवळजवळ सगळेच रागावले होते. रशियन सरकार, पोलिश लोक, गॅलिशियातले (म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पश्चिमेकडच्या युक्रेनियन भागातले) तरुण, त्याचे स्वतःचे मित्र. तरीही आज युक्रेनियन जशी लिहिली जाते त्यात त्याचा हात आहे. मराठीत त्याच्याबद्दल वाचायला काही मिळालं नाही म्हणून हा धागा.

जन्म 8 ऑगस्ट 1819चा, वोरोनिझ गावातला. (रशियातलं व्होरोनेझ शहर वेगळं.) घराणं कोझाक, म्हणजे तिकडच्या लढवय्या लोकांच्या, वंशाचं. नोव्होरोद-सिव्हेर्स्कीला शाळा झाली, मग कीव विद्यापीठ. तिथे शिक्षण अर्धवट राहिलं, कारण आपण सरदार घराण्यातले आहोत हे सिद्ध करणारी कागदपत्रं त्याच्या कुटुंबाकडे नव्हती. कीव विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि लोकगीतांचे संग्राहक मिखाइलो मक्सिमोविच यांचं या हुशार पोरावर लक्ष होतं. त्यांच्या मदतीने त्याला लुत्स्कला शिक्षकाची नोकरी मिळाली. पुढे कीव, रिव्ने आणि शेवटी सेंट पीटर्सबर्ग.

जानेवारी 1847 मध्ये त्याचं लग्न झालं. मुलगी मोत्रोनिव्काची, ओलेक्सान्द्रा बिलोझेर्स्का. नवरदेवाचा पाठराखा कोण, तर तारास शेव्चेन्को. लग्नानंतर दोघं पश्चिम युरोपकडे निघाली, कारण स्लाव भाषांच्या अभ्यासासाठी कुलिशला परदेशी पाठवलं जात होतं. वॉर्सापर्यंत पोचली आणि तिथे त्याला अटक झाली.

त्याचं कारण कीवमध्ये घडलं होतं. सिरिल आणि मेथोडियस या संतांच्या नावाने काही तरुणांनी एक गुप्त मंडळ काढलं होतं. शेतकऱ्याला जमीनदाराच्या मालकीचा ठेवणारी भूदास पद्धत जावी, लोकांना शिक्षण मिळावं, सगळ्या स्लाव लोकांचा बरोबरीच्या नात्याने एक संघ व्हावा, अशी त्यांची स्वप्नं. कोणीतरी चुगली केली. इतिहासकार मिकोला कोस्तोमारोवला ऐन लग्नाच्या तोंडावर पकडलं. त्या लग्नाला निघालेल्या शेव्चेन्कोला नीपर नदी ओलांडून कीवमध्ये शिरताना धरलं. शेव्चेन्कोला साधा शिपाई करून ओरेनबुर्गकडे धाडलं आणि त्याने लिहू नये, चित्रं काढू नयेत, असा शेरा खुद्द झारने मारला. कोस्तोमारोवची वाग्दत्त वधू आलिना हिचं पुढे दुसऱ्याशी लग्न झालं, ती विधवा झाली, आणि 1875 मध्ये, म्हणजे 28 वर्षांनी, त्या दोघांचं लग्न लागलं. हे सांगायचा मोह आवरला नाही.

कुलिश या मंडळाच्या अवतीभवतीचा, पण त्यालाही सोडलं नाही. काही काळ कैद आणि मग रशियातल्या 'तुला' नावाच्या शहरात तीन वर्षांहून जास्त हद्दपारी. बायको सोबत गेली. तिथे त्याने परक्या भाषा शिकायचा सपाटा लावला. पुढच्या सगळ्या अनुवादांचं बी त्या हद्दपारीत पडलं असं मला वाटतं.

सुटल्यावरही स्वतःच्या नावाने छापायला काही वर्षं मनाई होती. म्हणून 1856 मध्ये त्याने लिहिलेलं गोगोलचं चरित्र टोपणनावाने आलं. मग 1856-57 ही दोन वर्षं बघा. 'दक्षिण रुसविषयी टिपणं' या नावाने लोककथा, गाणी, आख्यानं यांचे दोन खंड. गोगोलच्या लेखनाचे आणि पत्रांचे सहा खंड. 'ह्रामात्का' नावाची मुलांची अंकलिपी. पीटर्सबर्गमध्ये स्वतःचा छापखाना. आणि 'चोर्ना रादा' ही कादंबरी, युक्रेनियन भाषेतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. 'चोर्ना' म्हणजे काळी, पण इथे 'चेर्न' म्हणजे सामान्य रयत, आणि 'रादा' म्हणजे सभा. 1663 मध्ये निझिनला कोझाकांचा पुढारी निवडायची सभा भरली. सोम्को हा जुना मुरलेला सरदार एका बाजूला, गरिबांना वाटेल ते आश्वासन देणारा ब्रुखोवेत्स्की दुसऱ्या बाजूला. ब्रुखोवेत्स्की जिंकला आणि सोम्कोचं डोकं उडवलं गेलं. आज युक्रेनच्या शाळांतली मुलं ही कादंबरी अभ्यासाला वाचतात.

या पुस्तकांसाठी त्याला लेखनपद्धती बसवावी लागली. तोवर युक्रेनियन बरेचदा रशियन शुद्धलेखनाच्या चौकटीत लिहिली जाई आणि उच्चार त्यात हरवून जाई. साधं उदाहरण: बोक्याला रशियन माणूस 'कोत' म्हणतो, युक्रेनियन माणूस 'कित'. जुन्या पद्धतीत तिथे 'ओ'च लिहायचा. कुलिशने ठरवलं, तोंडात 'इ' आहे तर कागदावरही 'इ'. त्याच्या पद्धतीला 'कुलिशिव्का' म्हणतात आणि आजची युक्रेनियन लेखनपद्धती तिच्यातूनच घडत आली.

आता अनुवादांकडे येते, पण पोस्ट फार लांबली. उरलेलं प्रतिसादांत.

आडवाट

फार सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. 'कुलिश' हा तिकडचा एक खाद्यपदार्थही आहे. वरीसारख्या बारीक धान्याची घट्ट पेज, वरून डुकराची चरबी आणि कांदा. कोझाक लोक स्वारीवर असताना हीच शिजवायचे. आडनावातच कोझाकांचं जेवण आहे.

'ह्रामात्का'बद्दल अजून सांगा. अंकलिपी हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

शब्दखूण

आडवाट, पेजेची गोष्ट माहीत होती पण चरबी-कांद्याची नव्हती, आभार.

ह्रामात्का 1857ची. नुसती अक्षरओळख नाही, वाचायला गाणी आणि स्तोत्रंही आहेत. थोड्याच काळात कामकरी आणि शेतकरी लोकांसाठी रविवारच्या शाळाही सुरू झाल्या. अशा लोकांच्या हातात त्यांच्याच बोलीतलं पुस्तक असावं हा हेतू. 1861-62 मध्ये पीटर्सबर्गहून 'ओस्नोवा' हे मासिक निघालं. कोस्तोमारोव, शेव्चेन्को, कुलिश सगळे हद्दपारीतून परतून पुन्हा एकत्र. मार्च 1861 मध्ये शेव्चेन्को गेला आणि त्याच्या दफनाच्या वेळी कुलिशने युक्रेनियनमध्ये भाषण केलं, राजधानीत, सगळ्यांसमोर. आणि 1863 मध्ये दार बंद झालं.

पोलादपूरकर

1863ला नेमकं काय झालं? आणि तुम्ही शीर्षकात बायबल म्हणता, पण झारचा रशिया तर कट्टर ख्रिस्ती. बायबलच्या भाषांतराला तिथे कोण कशाला अडवेल?

शब्दखूण

पोलादपूरकर, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

जुलै 1863 मध्ये अंतर्गत व्यवहारमंत्री वालुयेव याने गुप्त परिपत्रक काढलं. युक्रेनियनमध्ये धार्मिक पुस्तकं, शालेय पुस्तकं आणि सामान्य लोकांच्या प्राथमिक वाचनाची पुस्तकं छापू द्यायची नाहीत, फक्त ललित साहित्य चालेल. वेगळी 'लघुरशियन' भाषा कधी नव्हती, आज नाही आणि असूच शकत नाही, हे वाक्य त्यातलंच. 'लघुरशियन' हा युक्रेनियनसाठी सरकारी शब्द.

या परिपत्रकामागे एक बायबलच होतं. पिलिप मोराचेव्स्की नावाच्या एका शिक्षकाने चार शुभवर्तमानांचं युक्रेनियन भाषांतर केलं होतं. रशियाच्या विज्ञान अकादमीने ते चांगलं ठरवलं. धर्मसत्तेने नकार दिला. पुस्तक 1906 मध्ये निघालं, तोवर मोराचेव्स्कीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेतकऱ्याच्या बोलीत देव बोलायला लागला, तर ती बोली 'बोली' राहत नाही. सरकारला हे अगदी बरोबर समजलं होतं.

मग मे 1876. झार अलेक्झांडर दुसरा जर्मनीत बाड एम्सला होता, तिथे त्याने फर्मानावर सही केली. युक्रेनियन पुस्तकं खास परवानगीशिवाय बाहेरून आणायची नाहीत. नाटकं करायची नाहीत. गाण्यांच्या स्वरलिपीखाली युक्रेनियन शब्द छापायचे नाहीत. मूळ लेखन आणि अनुवाद, दोन्ही छापायचे नाहीत. जुनी कागदपत्रं आणि काही ललित लेखन चालेल, पण तेही रशियन शुद्धलेखनात. म्हणजे कुलिशिव्कावरही बंदी.

'अनुवाद' हा शब्द त्या फर्मानात वेगळा काढून घातलेला आहे. मी अनुवादक असल्यामुळे असेल, पण तो वाचल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. माझ्या कामाची एवढी धास्ती कुणी घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मीनल_प

आपल्याकडे 1878चा देशी वृत्तपत्रांचा कायदा होता, लिटनचा. तसंच काहीसं?

शब्दखूण

मीनल, वर्षं जवळजवळची आहेत म्हणून मलाही तो आठवला, पण फरक मोठा आहे. लिटनच्या कायद्याला मजकुराची भीती होती. सरकारविरुद्ध काही छापू नका, मराठीत छापा हवं तर. मराठी ही भाषाच नाही असं त्या कायद्याने म्हटलं नाही. उलट त्याच काळात इथे शेक्सपिअर मराठीत येत होता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो' 1867चं. कुलिशचं 'ऑथेल्लो' 1882चं, आणि ते त्याच्या देशात छापता आलं नाही. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विवमध्ये छापावं लागलं.

ल्विव ही त्या काळातली पळवाट. गॅलिशिया प्रांत हाब्सबर्ग साम्राज्यात होता आणि तिथे युक्रेनियन छापायला मोकळीक होती. लिहायचं रशियाच्या ताब्यातल्या नीपरच्या बाजूला, छापायचं ल्विवला किंवा व्हिएन्नाला, आणि मग पुस्तकं चोरवाटेने परत आणायची.

तांबडमाती

मी इतिहास शिकवतो, म्हणून थोडी उलट बाजू मांडतो. कोस्तोमारोव, म्हणजे तोच ज्याचं लग्न 28 वर्षांनी झालं, तो या अनुवादांच्या विरोधात होता. त्याचं म्हणणं, शेतकऱ्याला शेक्सपिअर आणि बायरन नको आहेत. सुशिक्षित युक्रेनियन माणूस ते रशियनमध्ये वाचतोच. आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत शेती, आरोग्य, आकाश, पाऊस समजावून सांगा, सोप्या शाळा काढा. पाया नसताना कळस कशाला?

मला हे पटतं. मी खेड्यातल्या शाळेत आहे. मुलांना वाचता येत नसेल तर हॅम्लेट कोणासाठी?

शब्दखूण

तांबडमाती सर, तुमच्या शाळेबद्दल तुम्ही आधी लिहिलेलं वाचलं आहे, त्यामुळे हा आक्षेप मी हलका घेत नाही. कोस्तोमारोवही हलका माणूस नव्हता. आणि कुलिशने अंकलिपी आधी काढली होती, शेक्सपिअर नंतर, हे विसरू नका. पाया घालायला तोच पहिला उतरला होता. तो पाया सरकारने 1863 मध्ये उखडला.

पण मी या वादात कुलिशच्या बाजूची आहे. भाषेत फक्त शेती आणि पाऊस असेल, तर त्या भाषेतल्या हुशार मुलाला विचार करायची वेळ आली की दुसऱ्या भाषेत जावं लागतं. दोन पिढ्यांत ती भाषा गोठ्यापुरती उरते. कोस्तोमारोव म्हणत होता की सुशिक्षित माणूस रशियनमध्ये वाचतोच. कुलिशला नेमकी तीच गोष्ट मोडायची होती.

तेव्हाची टिंगल कशी होती तेही सांगते. मिखाइलो स्तारित्स्कीचं 'हॅम्लेट' 1882 मध्ये कीवला निघालं. लगेच लोकांनी 'जगावं की मरावं' या ओळीचं एक गावरान, हास्यास्पद युक्रेनियन रूप तयार करून त्याच्या नावावर खपवलं. ती ओळ त्याच्या पुस्तकात नव्हतीच. पण विनोद पसरला आणि पुस्तक मागे पडलं. राजपुत्र शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो याचंच हसू येत होतं लोकांना.

कुलिशच्या 1882च्या खंडात 'ऑथेल्लो', 'ट्रॉयलस आणि क्रेसिडा' आणि 'कॉमेडी ऑफ एरर्स' होती. इंग्रजीवरून केलेली. बाकीची दहा हस्तलिखितात राहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, 1899 ते 1902 मध्ये, ल्विवला छापली गेली. 'हॅम्लेट', 'मॅकबेथ', 'किंग लिअर', 'ज्युलियस सीझर', 'रोमिओ आणि ज्युलिएट' वगैरे. संपादक कोण? गॅलिशियातला मोठा कवी आणि लेखक इवान फ्रांको. 1882 मध्ये याच फ्रांकोने कुलिशच्या 'खुतिरावरच्या कविता' या संग्रहावर सडकून टीका केली होती. सतरा वर्षांनी त्याच माणसाची हस्तलिखितं घेऊन तो ओळ न् ओळ तपासत बसला, प्रस्तावना आणि टिपा लिहिल्या. मला या दोघांची ही गोष्ट फार आवडते.

तांबडमाती

फ्रांकोचं माहीत नव्हतं. मुद्दा अर्धा मान्य. उरलेल्या अर्ध्यावर भेटू तेव्हा बोलू.

संध्याछाया

धागा छान चालला आहे, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. हा कुलिश वॉर्साला रशियन सरकारचा अधिकारी होता ना? 1863चा पोलिश उठाव चिरडल्यावर रशियाने तिथे माणसं भरली, त्यांत हा. ज्या सरकारने त्याची भाषा बंद केली त्याच सरकारची चाकरी. आणि नंतरच्या इतिहासग्रंथात शेव्चेन्कोच्या प्रतिभेला 'अर्धी झिंगलेली' असं काहीतरी म्हणाला. लग्नातला पाठराखा! मित्र मेल्यावर असं लिहिणारा माणूस मला मोठा वाटत नाही.

शब्दखूण

संध्याछाया, हे टाळायचा माझा विचार नव्हता. चांगलं झालं तुम्ही काढलंत.

वॉर्साची नोकरी 1864 ते 1867. त्याचं समर्थन मी करणार नाही. पैशांची ओढाताण होती, पोलिश जमीनदारांविषयीचा पिढीजात राग होता, हे सगळं खरं आहे, पण ज्या पोलिश लोकांचा देश पायाखाली तुडवला जात होता त्यांना त्याचं काय?

इतिहासग्रंथ म्हणजे 'रुसच्या पुनर्मीलनाचा इतिहास', 1874 ते 77चा. त्यात त्याने कोझाकांना लुटारू आणि संस्कृतीचा नाश करणारे ठरवलं, आणि शेव्चेन्कोवरचा तो घाव घातला. ज्याने 'चोर्ना रादा' लिहिली त्यानेच. कीवमधले मित्र तुटले. आणि बघा, हे छापून होईपर्यंत एम्सचं फर्मान आलं. म्हणजे त्याने स्वतःच्या लोकांना दुखावलं आणि ज्या साम्राज्याची भलामण केली त्याने त्याची भाषाच बंद केली. 1882 मध्ये तो ल्विवला जाऊन पोलिश आणि युक्रेनियन लोकांनी एकमेकांना क्षमा करावी म्हणून ईस्टरच्या निमित्ताने पुस्तिका काढतो, तर तिथे गॅलिशियातले युक्रेनियन संतापतात.

मला वाटतं त्याची खरी चीड कोझाकांच्या तलवारीवर नव्हती. तलवार मिरवत बसलात आणि पुस्तकं केली नाहीत, ही होती. तरी शेव्चेन्कोबद्दलचे शब्द मला बोचतातच. त्याच्या आयुष्यात मला मनापासून जवळचं वाटतं ते 1876 नंतरचं, जेव्हा त्याच्याकडे भांडायलाही फारसं कुणी उरलं नाही आणि तो खुतिरावर बसून नुसतं भाषांतर करत राहिला. शेत करायचं आणि लिहायचं. महंमद आणि खदीजा यांच्यावरचं एक दीर्घ काव्यही त्याच काळातलं, 1883चं.

वसईची_पोर

मी वसईची, घरी मराठी बायबल. त्यामुळे ताई, मला शीर्षकातल्या गोष्टीवर यायचं आहे. कुलिशच्या बायबलची भाषा कशी आहे? चर्चची की घरातली?

शब्दखूण

वसईची_पोर, तू विचारशील असं वाटलंच होतं.

दोन्ही. चर्चमध्ये तिकडे चर्च-स्लाव्होनिक चालायची, जुनी, घरात कुणी न बोलणारी. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीसाठी त्या भाषेत 'नासुश्नी' असा जड शब्द आहे. कुलिशने लिहिलं 'ख्लिब नाश श्चोदेन्नी', आमची दररोजची भाकरी. 'श्चोदेन्नी' म्हणजे अगदी घरात बोलतात तसं 'रोजचं'. योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ: 'उ पोचिनी बुलो स्लोवो'. 'पोचिन' म्हणजे कामाची सुरुवात. उत्पत्तीची सुरुवातही त्याच शब्दाने होते, त्यामुळे दोन ओळी एकमेकींना हाक मारतात. दुसरीकडे, जिथे त्याला भारदस्तपणा हवा तिथे जुने चर्चचे शब्द तो बिनदिक्कत घेतो, आणि त्यावर टीकाही झाली. कुणाला फार गावठी वाटलं, कुणाला फार जुनाट.

या कामात त्याला साथीदार मिळाला तो इवान पुल्युय. 1845चा जन्म, गॅलिशियातला, व्हिएन्नात आधी धर्मशास्त्र शिकला आणि मग भौतिकशास्त्राकडे वळला. पुढे प्रागला प्राध्यापक. क्ष-किरणांच्या इतिहासात ज्याचं नाव निघतं तोच हा. निर्वात नळ्यांवर काम करणारा हा शास्त्रज्ञ ग्रीक जाणत होता आणि नव्या कराराच्या ओळी कुलिशबरोबर घासूनपुसून घेत होता. शुभवर्तमानं 1871 मध्ये व्हिएन्नाला, संपूर्ण नवा करार 1880 मध्ये ल्विवला. जुना करार चालू असताना 1885ची आग.

आगीनंतर त्याने जवळपास बारा वर्षं काम केलं. 14 फेब्रुवारी 1897 ला तो मोत्रोनिव्कालाच गेला. जुना करार पुरा व्हायचा होता. उरलेला कादंबरीकार इवान नेचुय-लेवित्स्की याने केला, काही भाग पुल्युयने. 1903 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने व्हिएन्नात संपूर्ण बायबल छापलं. युक्रेनियनमधलं पहिलं. रशियात ते आणू द्यावं म्हणून पुल्युयने अर्ज केला, तो फेटाळला गेला.

वसईची_पोर

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' आमच्याकडेही भाकरच आहे! आणि 'प्रारंभी शब्द होता'.

वाचताना पंडिता रमाबाई डोळ्यांसमोर आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत सगळं बायबल एकटीने केलं, शिकलेल्या-न शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. 1922 मध्ये काम संपवलं आणि लगेच गेल्या, पुस्तक 1924ला आलं. त्यांना पुरं करता आलं एवढं समाधान.

नीलमोहर

मार्को वोव्चोक हे नाव याच काळात ऐकलंय. कुलिशशी काही संबंध?

शब्दखूण

खूप. मार्को वोव्चोक ही बाई. मारिया विलिन्स्का, जन्म 1833. भूदासांच्या, विशेषतः बायकांच्या हालांच्या तिने लिहिलेल्या युक्रेनियन कथा पोस्टाने कुलिशकडे आल्या, त्याने संपादन करून स्वतःच्या छापखान्यात छापल्या. तुर्गेनेव्हने त्यांचं रशियन भाषांतर केलं. पुढे तीही मोठी अनुवादक झाली, पण रशियनमध्ये. जूल्स व्हर्नच्या कित्येक कादंबऱ्या तिने रशियन वाचकांना दिल्या. तिच्यावर वेगळा धागा काढीन.

आणि याच संदर्भात ओलेक्सान्द्राचं नाव घ्यायचं राहिलं. कुलिशची बायको 'हान्ना बार्विनोक' या नावाने लिहायची. 'बार्विनोक' म्हणजे आपल्या सदाफुलीच्या गोत्रातली एक निळी वेल, लग्नाच्या मुकुटात गुंफतात ती. तिच्या कथा जवळजवळ सगळ्या शेतकरी बायकांच्या. वॉर्साला कुलिशला अटक झाली तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची, नुकतं लग्न झालेली. ती त्याच्याबरोबर 'तुला' शहरात हद्दपारीत गेली, आगीत होती, आणि त्याच्यानंतर 1911 पर्यंत त्याच खुतिरावर राहून त्याचे कागद सांभाळले.

पोलादपूरकर

मी इथे सहसा घरचं लिहीत नाही. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर एका जर्मन कवीच्या कवितांचा मराठी अनुवाद केला होता. दोन वह्या. 26 जुलै 2005 ला तळमजल्यात छातीभर पाणी आलं तेव्हा त्या गेल्या. शाई पसरून निळं पाणी झालं होतं पानांचं. त्यांनी परत कधी विषय काढला नाही, आम्हीही नाही.

ते आता 84 वर्षांचे आहेत. काल तुमची पहिली पोस्ट त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाले, पुन्हा वाच, आगीचं. मग विचारलं, तो जर्मनवरून काही करायचा का?

शब्दखूण

पोलादपूरकर, काकांना सांगा, करायचा. गोएथे, शिलर, हाइने. शेवटच्या वर्षी, 1897 मध्ये, जिनिव्हाला त्याचं एक पुस्तक निघालं, त्यात या तिघांच्या आणि बायरनच्या कविता आहेत. नाव आहे 'पोझिचेना कोब्झा'. कोब्झा हे तिकडच्या आंधळ्या गायकांचं तंतुवाद्य, आणि पोझिचेना म्हणजे उसनी घेतलेली. उसनी कोब्झा.

काकांचा कवी कोणता होता?

पोलादपूरकर

हाइने.

आज सकाळी त्यांनी वही मागितली. कोरी, रेघांची. मी दोन आणल्या आहेत.